जुनी गाणी, आजचे कान: तुमच्याकडे कुठली गाणी 'बाद' झाली?

रानजाई
ठाण्यात आमचा कराओकेचा ग्रुप आहे. बहुतेक मंडळी पन्नाशीच्या पुढची, दोन-तीन जण तिशीतले. महिन्यातून एकदा हॉल घेतो. ज्याने त्याने आपापला ट्रॅक आणायचा, गायचं, बटाटेवडे खायचे आणि घरी जायचं. आजवर भांडणं झाली ती फक्त कुणाचा नंबर आधी यावरून. या वेळी 'नव्वदीची गाणी' असा विषय ठरला आणि एका काकांनी यादीत 'खंबे जैसी खड़ी है' टाकलं. तिशीतल्या एकीने ग्रुपवर लिहिलं, "काका, हे नको ना. कॉलेजला जाताना पोरांनी अंगावर म्हटलेलं गाणं आहे हे." काका दुखावले. ते स्वभावाने अगदी देवमाणूस, मनात काही वाईट असण्याचा प्रश्नच नाही. पण त्यानंतर ग्रुपवर जे सुरू झालंय ते विचारू नका.

माझी पंचाईत अशी की मला दोघांचंही पटतं. चाली तोंडात बसल्यात, त्या काही निघायच्या नाहीत. पण स्वयंपाक करताना गुणगुणत असले आणि मध्येच शब्दांकडे लक्ष गेलं की जीभ अडखळते. लोकांच्या नीतीच्या कल्पना बदलल्या म्हणून गाणं टाकून द्यायचं का? तुमच्याकडे अशी कुठली गाणी आहेत, आणि त्यांचं तुम्ही काय करता? गाता, गाळता, की शब्द फिरवता?

बंड्या बोरिवलीकर
पहिला!! शेंगदाणे घेऊन बसलोय.
माझ्याकडून एक नोंद. 'मेरे सपनों की रानी'. हॉर्न वाजवत, आगगाडीला समांतर, डोंगरी रस्त्यावर, अनोळखी मुलीच्या खिडकीकडे बघत जीप. आज ट्विटरवर व्हिडिओ टाकून पोलिसांना टॅग केलं असतं लोकांनी.

चिंचपेटी
@बंड्या, गंमत म्हणजे ती मुलगी तिथे नव्हतीच. शर्मिला टागोर तेव्हा सत्यजित राय यांच्या सिनेमात अडकली होती, तिचे डब्यातले शॉट नंतर स्टुडिओत घेतले. दार्जिलिंगला राजेश खन्ना रिकाम्या खिडकीकडे बघून गात होता. गुन्हा सिद्ध होणार नाही.

बंड्या बोरिवलीकर
पण जीप सुजित कुमार चालवतोय. लायसन्स त्याचंच जाणार. :))

पेठेतला पंत
धागाकर्तीचा गोंधळ कळला, पण उदाहरण चुकलंय. नव्वदीतली गाणी 'जुनी' कधीपासून झाली? घसरण तिथूनच सुरू झाली. आमच्या वेळची गाणी घ्या. शब्द मोजून-मापून, शृंगारही पदराआड. सहा वर्षांच्या मुलापासून साठीच्या आजीपर्यंत सगळे एकत्र बसून रेडिओ ऐकत. आजच्या पिढीने आधी आपली गाणी ऐकावीत आणि मग आमच्या गाण्यांना नीती शिकवावी. अश्लील ते अश्लीलच, काळ कुठलाही असो.

माजी आकाशवाणीकर
पंत, "आमच्या वेळी" म्हणजे नेमकं कधी? कारण तुम्ही ज्या काळाला पदराआडचा म्हणताय, त्याच काळात सरकारला ही गाणी चवचाल वाटत होती.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपले पुण्याचेच. शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला, तर लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ तिच्या मालकीची झाली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून सरकारने माघार घेतली. म्हणजे आज तुम्ही ज्या गाण्यांवर 'सुवर्णकाळ' अशी पाटी लावता, ती त्यांच्या तरुणपणी थोरामोठ्यांच्या लेखी उनाडच होती.

अवांतर: आकाशवाणीने पेटीलासुद्धा मज्जाव केला होता, १९४० पासून थेट सत्तरच्या दशकापर्यंत. तेव्हा 'काय चांगलं' ते ठरवणाऱ्यांवर माझा फार भरवसा नाही.

पेठेतला पंत
केसकरांचा विरोध उडत्या, उसन्या चालींना होता, नीतीचा प्रश्न वेगळा. तरी मुद्दा नोंदवून घेतला.

हौशी वकील
पंतांच्या "अश्लील ते अश्लीलच" या वाक्यावर थांबतो, कारण मला वाटतं गोची तिथेच आहे.

'खलनायक' आला १९९३ मध्ये. 'चोली के पीछे' वरून देशभर काय रण माजलं होतं ते चाळिशीपुढच्यांना आठवत असेल. दिल्लीत एक वकील कोर्टात गेले, त्यांचा अर्ज टिकला नाही. दूरदर्शन आणि आकाशवाणीने गाणं वाजवलं नाही. पुढच्याच वर्षी 'खुद्दार' मधल्या 'सेक्सी सेक्सी' चं 'बेबी बेबी' करावं लागलं. आणि 'खंबे जैसी' १९९० चं, 'दिल' मधलं. त्यावर कोणी चकार शब्द काढला? कोर्ट नाही, मोर्चा नाही, संपादकांना पत्र नाही. 'छायागीत', 'चित्रहार' मध्ये घरोघरी वाजलं.

आज उलटं झालंय. 'चोली के पीछे' लग्नाच्या संगीतात मावशा-काकवा नाचतात आणि कोणाला काही वाटत नाही. आणि 'खंबे जैसी' वर रानजाईंचा ग्रुप फुटायला आलाय. तेव्हा लोक विचारायचे, यात उघडं काय दिसतंय? आता विचारतात, यात त्या पोरीचं म्हणणं काय आहे? चोलीवाल्या गाण्यात एक बाई विचारते, दुसरी बाई उत्तर देते, दोघी मजेत आहेत. छडीवाल्या गाण्यात भर कॉलेजात एकटीला गाठून घोळका गातोय.

कायद्यातसुद्धा हाच बदल आहे. मुलीचा पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा म्हणून आला तो २०१३ मध्ये, दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर. त्याआधी 'विनयभंग' वगैरे होतं, पण नुसतं मागे-मागे फिरणं म्हणजे प्रेमातली चिकाटी.

अबोली_क
वकीलसाहेब, +१. मी त्या कॉलेजवालीच्या बाजूची. हे गाणं माझ्यावरही म्हटलं गेलंय, एसटी स्टँडवर, ट्यूशनला जाताना. गंमत अशी की मला ते गाणं आवडायचं! चाल आली की आजही पाय हलतो. आणि मग चिडते, ती स्वतःवर की गाण्यावर तेच कळत नाही.

जाता जाता, त्या सिनेमात गाण्यापेक्षा पुढची कथा भयंकर आहे. हिरो तिला 'धडा शिकवतो' आणि त्यानंतर ती त्याच्या प्रेमात पडते. गाणं त्यामानाने बिचारं साधं.

कडबोळं
चला, आता सगळ्याच गाण्यांना संमतीपत्र जोडू या. "जुम्मा, आपली हरकत नसल्यास, सोयीच्या वेळी, चुम्मा दे."
दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

हौशी वकील
सोबत दोन साक्षीदारांच्या सह्या लागतील.

नारायणगावचा
बरेच दिस रोमात होतो, म्हंजी नुसतं वाचत होतो, आज लिहितो. आमच्याकडं तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावची जत्रा कमिटी येऊन सुपारी देती. लहानपणापासून बघतोय. तुमी लोक शिनेमाचं बोलताय, मी फडाचं सांगतो.

गौळणीत किस्न गवळणींची वाट आडवतो. पेंद्या संगं असतो. दह्या-दुधाचं दान मागत्यात, छेड काढत्यात. आता आजच्या हिशेबानं ह्यो गुन्हाच की. पन तितं मावशी असती. गवळणींच्या म्होरं हुबी ऱ्हाऊन ती किस्नाची आन पेंद्याची अशी काय उतरवती की पब्लिक मावशीच्या बाजूनं शिट्ट्या मारतं. छेड हाय, पन तिला जबाब बी हाय, आन जबाब जास्त रंगतो. शिनेमावाल्यांनी छेड तेवडी उचलली, मावशी फडातच ठिवली.

चिंचपेटी
वा! "मावशी फडातच ठेवली". याच्यापुढे आम्ही काय लिहिणार.

सातवी ड
पण मावशीचं काम करणारा पुरुषच असायचा ना? म्हणजे बाईच्या बाजूने बोलायलाही बाप्याच.

नारायणगावचा
बरुबर हाय ताई. त्ये खरंच हाय. आन दुसरं बी सांगतो. जी लावणी तुमी आता 'आपली परंपरा' म्हनून सोसायटीच्या गणपतीत लावता, ती नाचनाऱ्या बाया कोल्हाटी, डोंबारी, म्हार, मांग ह्या जातींतल्या. त्यांच्या कलेवर टाळ्या आन त्यांना वाड्याच्या पायरीवर बी जागा न्हाई, आसली नीती हुती ती. विठाबाई नारायणगावकर पोटुशी आसताना फडावर नाचत हुत्या, मदीच बाळंत झाल्या आन परत बोर्डावर आल्या. लोकं हे कवतिकानं सांगत्यात. पब्लिक घरी का गेलं न्हाई, ह्ये कुनी इचारत न्हाई. गान्याच्या शब्दाचा इचार करा, पन गानारणीचा बी करा.

माजी आकाशवाणीकर
नारायणगावकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.
याला जोडून एक. सुलोचना चव्हाणांनी आयुष्यभर लावणी गायली ती डोक्यावरून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, एका जागी उभं राहून. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच डिसेंबरात गेल्या. शब्द सगळे खट्याळ आणि बाई अशी. त्या पदराची गरज त्यांना होती की ऐकणाऱ्यांना, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पदर घेतला म्हणून 'घरंदाज' लोकांनी त्यांना ऐकलं.

मिरजेचा तंबोरा
सुलोचनाबाईंचा विषय निघालाच आहे तर 'सोळावं वरीस धोक्याचं'. खेबुडकरांचे शब्द, वसंत पवारांची चाल, 'सवाल माझा ऐका', १९६४. ठसका असा की आजही बोटं आपोआप टेबलावर ताल धरतात. आमच्या ग्रुपात एका गायिकेने म्हणून दाखवलं तर एक तरुण श्रोता म्हणाला, हे तर पोक्सोत बसेल. मी हसलो. मग विचार केला आणि हसू कमी झालं.

हौशी वकील
तंबोरा, कायदा सांगू का? १९६४ साली मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय होतं पंधरा. अठरा झालं ते १९७८ मध्ये. त्या हिशेबाने गाण्यातली नायिका तेव्हा लग्नाच्या वयाची होती, थोडी उशिराचीच. पोक्सो आला २०१२ मध्ये. गाणं सोळावरच थांबलंय, कायदा पुढे गेला.

रानजाई
हे मला माहीत नव्हतं. पंधरा!

अबोली_क
माझा आक्षेप वयाला नाहीच. धोका म्हणजे कोणापासून, ते गाणं सांगतच नाही. जणू वयच गुन्हेगार. तसंच 'फड सांभाळ तुऱ्याला गं आला'. गदिमांची शब्दकळा, रूपक इतकं चपखल की सलाम. पण राखण कोणी करायची? उसाने. कोल्ह्याला एक शब्द कोणी बोलत नाही.

कडबोळं
कोल्ह्याची बाजू मांडायला वकील इथेच आहेत.

हौशी वकील
वकीलपत्र घेतलेलं नाही. :)

मिरजेचा तंबोरा
अबोली, रूपकाला इतकं पिळलं तर रस राहणार नाही, चोथा उरेल. लावणीत बाई स्वतःच्या तारुण्याबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलते, हीच केवढी मोठी गोष्ट. त्या काळच्या भावगीतातली नायिका नुसती खिडकीत उभी असायची.

अबोली_क
बोलते ती, मान्य. लिहून दिलेलं बोलते.

मिरजेचा तंबोरा
मग 'ही चाल तुरुतुरु' चं काय करणार? एक पोरगी चालली आहे, एक पोरगा बघतोय, केसांची बट, नागीण, सगळं आहे. जयवंत कुलकर्णींच्या आवाजातला तो मिस्कीलपणा. आणि लिहिलंय शांता शेळक्यांनी. बाईने लिहिलेली पुरुषी नजर. कुठल्या कप्प्यात टाकू?

अबोली_क
हे मात्र मला आवडतं. का, ते सांगता येत नाही. तो वाट अडवत नाही म्हणून असेल. बघतो आणि बघून स्वतःच घायाळ होतो.

सातवी ड
बघण्यालाही हरकत घेणारे येतीलच मागून. पण मला तुमचं पटलं.

क्लीव्हलंडची काकू
हा वाद आमच्या गावात होऊन गेलाय म्हणून लिहिते. 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड' नावाचं नाताळात वाजणारं द्वंद्वगीत आहे. १९४४ मध्ये फ्रँक लेसरने बायकोबरोबर पार्ट्यांमध्ये म्हणायला लिहिलं, १९४९ च्या सिनेमात आलं, ऑस्कर मिळालं. ती म्हणते मला घरी जायला हवं, तो म्हणतो बाहेर थंडी आहे, थांब. २०१८ च्या हिवाळ्यात आमच्या क्लीव्हलंडच्या एका रेडिओ स्टेशनने ते काढून टाकलं आणि जगभर गाजावाजा झाला. कॅनडाच्या सीबीसीने आधी काढलं, श्रोते चिडले तसं परत लावलं.

माझ्या अमेरिकन शेजारणीचं, ऐंशीच्या घरातल्या, म्हणणं असं की तेव्हाच्या मुलीला "हो, मला थांबायचंय" असं म्हणायची सोय नव्हती. शेजारी काय म्हणतील, आई काय म्हणेल. म्हणून ती बहाणे सांगते आणि थांबते. आजच्या मुलीला "हो" म्हणता येतं, म्हणून तिला ते "नाही" खरंखुरं "नाही" ऐकू येतं. गाणं एकच, दोघींना दोन वेगळी गाणी ऐकू येतात. २०१९ मध्ये जॉन लेजंड आणि केली क्लार्कसन यांनी शब्द बदलून गायलं. "तुला घरी सोडायला गाडी मागवतो" या थाटाचं. नीती उत्तम, गाण्यातली गंमत गेली. आमच्या मॉलमध्ये आजही जुनंच वाजतं.

बंड्या बोरिवलीकर
म्हणजे शब्द बदलून उपयोग नाही. 'सेक्सी' चं 'बेबी' केलं तरी सगळ्यांना आठवतं ते 'सेक्सी' च.

मी फक्त बावीसची
काका-काकूंनो, आमच्या पिढीबद्दल बोलताय तर आम्हाला पण विचारा की! आम्हाला जुन्या गाण्यांचा राग-बिग येत नाही. कॉलेजच्या डेजना आम्ही मुली 'खंबे जैसी' मुलांकडे बघून म्हणतो. लाजून मरतात. 'तू चीज़ बड़ी है मस्त मस्त' वर आमच्या होस्टेलच्या पोरींनी एका पंख्यासाठी नाच केला होता, उन्हाळ्यात लाइट परत आल्यावर. चीज़ म्हणजे पंखा.

जे खरंच खटकतं ते म्हणजे 'जादू तेरी नज़र'. आईचं आवडतं. "तू हाँ कर या ना कर, तू है मेरी किरन". मी आईला म्हटलं, शब्द ऐक ना एकदा. ती म्हणाली, अगं उदित नारायणचा आवाज बघ काय गोड आहे. मग मी 'डर' पाहिला तर तिथे हा माणूस व्हिलनच आहे! सिनेमावाल्यांना माहीत होतं. तुमच्या पिढीने त्याला लग्नाच्या कॅसेटमध्ये भरलं.

चिंचपेटी
गुन्हा कबूल. माझ्या रिसेप्शनला ऑर्केस्ट्राने म्हटलं होतं. नवऱ्याची फर्माईश.

पेठेतला पंत
बावीसच्या ताई, पंख्यासाठी नाच आवडला. पण तुमच्या पिढीची गाणी त्याहून वाईट आहेत हा माझा मुद्दा शाबूत आहे.

मी फक्त बावीसची
आहेतच, आजोबा! पण त्यावर आम्ही भांडतोच आहोत. तुम्ही तुमच्यावर भांडला होता का?

फळा-खडू
पंतांना जरा आधार देते. सांगलीकडे शिक्षिका आहे, दरवर्षी गॅदरिंग बसवते. 'कोंबडी पळाली' पासून हे सुरू आहे, नंतर तीच चाल 'चिकनी चमेली' होऊन हिंदीतून परत आली. दुसरी-तिसरीतल्या मुलींच्या आया पेनड्राइव्ह घेऊन येतात, घरी बसवलेल्या स्टेप्स दाखवतात. मुलीला शब्दांचा अर्थ कळत नाही म्हणून चालतं, हा युक्तिवाद. श्रेया घोषालनेच २०२५ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की पाच-सहा वर्षांच्या मुली हे गाणं म्हणतात तेव्हा तिला संकोच वाटतो. मोठ्या बाईने स्वतःच्या मर्जीने गावं, नाचावं, माझी ना नाही. पण सातवीच्या आतली पोर?

आता उलट बाजू. बालवाडीत आम्ही सर्रास शिकवतो ते 'गोरी गोरी पान'. गदिमा, खळे, आशाताई, सगळं अव्वल. कोणाला त्यात वावगं दिसेल? एकदा मुलं ते गाणं अभिनय करून म्हणत होती. दादा ठरला, हरणांची जोडी ठरली, आता वहिनी कोण? एक चुणचुणीत मुलगी पुढे आली, तिला सगळ्यात छान ठुमकता येत होतं. मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, ही नाही चालत. गाण्यात गोरी आहे." त्याने चिडवलं नव्हतं. गाण्यात जे होतं ते वाचून दाखवलं. ती मुकाट्याने हरणाच्या जागी जाऊन उभी राहिली. तेव्हापासून मी ते गाणं अभिनयाला घेत नाही, नुसतं ऐकवते.

सातवी ड
अरेरे.
पण त्याच गाण्यात वहिनीची साडी अंधाराची आहे आणि त्यावर चांदण्यांची खडी आहे. गदिमांना काळोख किती सुंदर दिसत होता बघा. फक्त वहिनीच्या रंगापर्यंत तो पोचला नाही.

मीठभाकर
इतकं सगळं वाचून लिहायचं धाडस करते.

तुमचं सगळं चावट गाण्यांवर चाललंय. मला त्रास झाला तो अत्यंत सोज्वळ गाण्याचा. पी. सावळारामांचं, वसंत प्रभूंचं, लताबाईंनी गायलेलं. 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का'. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी बँडवाल्याने वाजवलं. क्लॅरिनेटवर. सगळे रडले, फोटोग्राफरसुद्धा थांबला. "जा मुली जा, दिल्या घरी तू सुखी रहा."

दिल्या घरी काय होतं ते इथे लिहीत नाही. काही वर्षांनी मी बॅग घेऊन माहेरी आले. आईने दार उघडलं, पाणी दिलं, आणि रात्री शेजारी झोपल्यावर म्हणाली, "अगं, दिल्या घरी..." पुढचं तिने म्हटलं नाही. तिलाही ते गाण्यातूनच आलेलं, सल्ला म्हणून नव्हे, श्वासासारखं. मी परत गेले नाही. आईने नंतर माझी बाजू घेतली, भांडली सगळ्यांशी. पण ती ओळ तिच्या तोंडात पहिली आली.

'खंबे जैसी' ऐकून मी फार तर कानात बोटं घातली असती. या गाण्याने मला रडवून पाठवलं होतं. आणि आजही लागलं की मी रडते. सुंदर आहे म्हणूनच. त्यात एकही शब्द कापण्यासारखा नाही. वकीलसाहेब, याला कुठलं कलम लावणार?

हौशी वकील
निरुत्तर.

अबोली_क
मीठभाकर, ❤️

क्लीव्हलंडची काकू
'माहेरची साडी' आम्ही इथे मराठी मंडळात व्हीसीआरवर बघितला होता, रुमाल घेऊन. तेव्हा कोणालाच प्रश्न पडला नाही की ही बाई हे सगळं का सोसतेय. रडणं झालं की जेवायला बसलो.

माजी आकाशवाणीकर
सावळारामांच्या बाजूने एक सांगतो, रागावू नका. त्या काळी मुलगी सासरी गेली की वर्षा-दोन वर्षांनी दिसायची. ते गाणं आईला धीर द्यायला होतं. त्याला नियम आपण केलं, बँडवर वाजवून-वाजवून.

मीठभाकर
काका, रागावले नाही. तसंही असेल. पण धीर आईला आणि नियम मला, ही वाटणी कशी झाली?

पेठेतला पंत
ताई, माझ्या मुलीच्या पाठवणीला मीच हे गाणं लावायला सांगितलं होतं. आज तिला फोन करून विचारलं, तुला कसं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मला भूक लागली होती." तरी तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवणार आहे.

कडबोळं
पंतांनी आज दोन मुद्दे सोडले. धागा वाचनखुणेत साठवला.

रानजाई
काल आमच्या ग्रुपची बैठक झाली. काकांना आणि त्या मुलीला शेजारी-शेजारी बसवलं. काका म्हणाले, "मला गाण्यातली मुलगी दिसतच नव्हती, मला माझं कॉलेज दिसत होतं." ती म्हणाली, "मलाही माझं कॉलेजच दिसत होतं, काका." मग दोघेही गप्प.

ठरलं ते असं. बंदी कशालाच नाही. गाण्याआधी कोणी उठून "मला हे नको" म्हटलं तर त्याला किंवा तिला कारण विचारायचं नाही, गाणारा दुसरा ट्रॅक लावेल. काकांनी स्वतःहून यादीतून नाव काढलं, थोडे कुरकुरत. एक काकू मात्र अडून बसल्या आहेत की हा असा नियम असेल तर त्यांना नवऱ्याच्या आवाजातलं कुठलंच गाणं नको.

बंड्या बोरिवलीकर
काकू रॉक्स!

मिरजेचा तंबोरा
मग त्या जागी 'गोमू संगतीनं' ठेवा. 'हा खेळ सावल्यांचा', १९७६, आशाताई आणि हेमंतकुमार. तो विचारतो येशील काय, ती तोंडावर सांगते, येनार नाय. लाजणं नाही, मान खाली घालणं नाही. पन्नास वर्षं होत आली, एक अक्षर बदलावं लागत नाही.

नारायणगावचा
ह्यात मावशी हिरॉइनच झाली.

बंड्या बोरिवलीकर
ट्रॅक आहे माझ्याकडे. ठाण्याला यायला तयार आहे. कोण गातंय माझ्याबरोबर?

चिंचपेटी
आरं संगतीनं तुझ्या मी येनार नाय.

अबोली_क
नाय.

मी फक्त बावीसची
नाय नाय. पण बटाटेवडे असतील तर ऐकायला येईन.

रानजाई
बंड्या, हॉलचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. पट्टी कुठली आहे ट्रॅकची? आमच्याकडे बायका काळी दोनच्या वर जात नाहीत.